शालनला चपाती का देत नाही

ज्यांच्या घरात गहू न सोसणारं लेकरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजाराची माहिती डॉक्टर देतील, ती त्यांनाच विचारा. मी सांगणार आहे ते शेजारपाजाऱ्यांबद्दल, पाहुण्यारावळ्यांबद्दल, कनवाळू माणसांबद्दल. आमच्या शालनला गव्हानं छळलं त्याहून जास्त लोकांच्या दयेनं छळलं. हे वाचून कुणाला राग आला तर खुशाल येऊ दे. तेव्हा माझ्या रागाची कुणी पर्वा केली नव्हती.

शालन माझ्या पोटची नाही, हे आधीच सांगते. भोरचं राज्य खालसा झालं त्याच सुमाराला ती जन्मली, आणि चार-पाच महिन्यांची असताना तिची आई तापानं गेली. वर्षाच्या आत मी त्या घरात दुसरेपणाची म्हणून आले. माझं माहेर वेल्ह्याकडचं, गुंजवण्याजवळची वाडी. आमच्याकडे भात पिकतो आणि डोंगरउतारावर नाचणी. गहू दिसायचा तो सणाला. सासरी मात्र मालक कचेरीत कारकून झाल्यापासून रोज चपाती होती. भाकरी खाणारं घर चपातीवर आलं, याचा त्या घराला फार अभिमान होता.

लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक टाक बांधला. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, जेवताना पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, अशी आमच्यात रीत आहे. मी ती पाळली. मेलेल्या बाईनं मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो जित्या माणसांनी.

सत्त्व

शालन वरचं दूध सुटून घरचं खाऊ लागली आणि सुकत गेली. हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र तट्ट फुगलेलं. दिवसातून किती वेळा कपडे खराब करायची याला सुमार नव्हता. ते पांढरट, फेसाळ, आणि वास असा की घरातली माणसं नाकाला पदर लावून परसात जायची. पोरगी हसायची नाही. कडेवर घेतली तर रडे, खाली ठेवली तर रडे.

भोरच्या डॉक्टरांनी मुडदूस म्हटलं. कुणी जंत म्हटलं, कुणी नजर. माझ्या माघारी लोक म्हणत, मेलेली आई लेकराला ओढतीय. माझ्या तोंडावर म्हणत, "पोरगी खात न्हाई, का तुमी घालत न्हाई?"

शालनची मावशी, गोदाक्का, भोरातच दोन आळ्या सोडून राहायची. मेलेल्या बहिणीची एवढी एकच खूण उरलेली, म्हणून तिचा शालनवर फार जीव. तिनं लेकराला ताकद यावी म्हणून गव्हाचं सत्त्व करायला घेतलं. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो उन्हात वाळवायचा. राबून राबून तिनं डबा भरला आणि मला बजावलं, "दुधात शिजवून रोज सकाळ-संध्याकाळ द्या. माझ्या बहिणीचं लेकरू हाय, हयगय करू नगा."

मी हयगय केली नाही. शालन त्या वाटीकडे बघूनच तोंड फिरवायची. दोन वर्षांचं पोर, त्याला बोलता येत नव्हतं, पण कळत होतं. आम्ही मोठी माणसं नाक दाबून ते पाजत होतो आणि ती आणखी सुकत होती. ती सुकली की गोदाक्का आणखी गहू भिजत घालायची.

पुणे

शालन चार वर्षांची झाली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. मी मालकांना म्हटलं, पुण्याला न्या, नाहीतर मी एकटी घेऊन जाते. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "मेल्यावर काय म्हणतील त्ये बी इचारून ठेवा." दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. कात्रजच्या घाटात पोरगी माझ्या मांडीवर ओकली, आणि पुढच्या बाकावरची बाई उठून मागं जाऊन उभी राहिली.

पुण्याच्या दवाखान्यातले लहान मुलांचे डॉक्टर नुकतेच विलायतेहून शिकून आलेले. त्यांनी शालनचं पोट चाचपलं, दंड बोटांत धरला, आणि मला एकच गोष्ट विचारली, "ही काय खाते ते सकाळपासून सांगा." मी सांगत गेले. चपाती, लापशी, सत्त्व, दुधात कुसकरलेला पाव. ते मान हलवत राहिले.

"तिला गहू बंद करा," ते म्हणाले. "सातूही नको. भात, ज्वारी, नाचणी, केळी, काय हवं ते द्या. गव्हाचा कण नको. तिकडे हे आत्ता आत्ता कळलं आहे. हिच्या आतड्याला गहू सोसत नाही."

"गहू कुणाला सोसत नाही, असं कसं होईल?" मालक म्हणाले. "चांगल्या घरात तर चपातीच खातात."

डॉक्टर म्हणाले, "चांगल्या घराचं मला माहीत नाही. ही मुलगी गहू खात राहिली तर जगणार नाही."

मला आधी हसूच आलं. तीन वर्षं मी देवाला नवस बोलत होते, मांत्रिकाला कोंबडी देत होते, आणि मारेकरी माझ्याच पिठाच्या डब्यात बसला होता. मग मला तिथंच, सगळ्यांसमोर, हुंदका फुटला. मालकांनी मला गप्प बसायला सांगितलं.

शालनला वॉर्डात ठेवून घेतलं. दुसऱ्या सकाळी खाण्याचा गाडा आला आणि गाडेवाल्यानं पोरीच्या हातात पाव ठेवला. मी तो काढून घेतला. गाडेवाला म्हणाला, "सगळ्या पोरांना पाव-दूधच मिळतं. उपाशी ठेवता काय तिला?" शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या माणसाला हळूच म्हणाली, "सावत्र असणार." तिला कुणी सांगितलं नव्हतं. शालननं पावासाठी भोकाड पसरलं.

त्या वॉर्डात एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी शालनच्या खाटेच्या दांडीला तांबड्या कापडाची चिंधी बांधली आणि गाडेवाल्याला बजावलं की चिंधी दिसली की पुढं जायचं. रोज पांढऱ्या कपाच्या खाली झाकून एक केळं ठेवायच्या. कुणी माझ्यावर दया केली असेल तर ती एवढीच, आणि ती कामाची होती.

महिन्याभरात पोरगी हसली. डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढून हसली. ते हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

नदीवर

भोरला परत आलो तेव्हा शालनच्या गालांना मांस धरत होतं. मला वाटलं, आता लोक बघतील आणि गप्प होतील. लोकांनी पाहिलं ते दुसरंच. माझा मुलगा दादू तेव्हा वर्षाचा होता. तो ओसरीवर चपातीचा तुकडा चघळत बसायचा, आणि शालनच्या ताटात नाचणीची भाकरी.

नीरेवर धुणं धुताना बायका माझ्याकडे बघून बोलायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

"सोताच्या पोराला चपाती अन् हिला नाचणी."

"डागदरानं सांगितलं म्हनती."

"डागदर असं सांगंल व्हय? वेल्ह्याची हाय ती. नाचणीवर वाढलीय, तिला दुसरं काय ठावं?"

मी एकदा धुण्याचा पिळा तसाच सोडून उठले आणि म्हटलं, "या माझ्या घरी. पोरीचे कपडे धुवायला या. मग सांगा चपाती द्यायची का न्हाई." संध्याकाळपर्यंत आळीत पसरलं की मी नदीवर भांडण काढलं.

त्या दिवसापासून घरात गहू बंद केला. मुलाला नाही, मालकांना नाही, मलाही नाही. मालकांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग कचेरीजवळच्या हॉटेलात चपाती खायला लागले. परत येताना खिशात कधी नानकटाई आणायचे. मी दारातच खिसे झाडायला लावायची. नवऱ्याचे खिसे झाडणारी बाई म्हणूनही माझं नाव झालं.

जातं

गहू घरात नाही तरी शालनचं पोट पुन्हा बिघडलं. मी डोळ्यांत तेल घालून बघू लागले. गिरणीतून ज्वारीचं पीठ आलं की चार दिवसांत पोरगी किरकिर करायची. मी गिरणीत जाऊन उभी राहिले. माझ्या आधीच्या बाईचे गहू दळून झाले, मग माझी ज्वारी वरून ओतली. पहिलं मापभर पीठ पडलं त्यात मला गव्हाचा रंग स्पष्ट दिसत होता. गिरणीवाला म्हणाला, "वयनी, चमचाभर गव्हानं काय बिघडतंय? उलट चव येती."

घरातलं जातं तर रवा काढून काढून गव्हानंच भरलेलं. मी माहेरी निरोप धाडला. भावानं छिन्नीनं टाकी लावलेलं नवं जातं बैलगाडीतून आणून दिलं. त्यावर नाचणी, तांदूळ आणि ज्वारी, दुसरं काही नाही. हिंगाच्या खड्यातही गव्हाचं पीठ मिसळतात हे वाण्याकडून कळलं, तेव्हा हिंग टाकून दिला. होळीला पुरण केलं आणि ते तांदळाच्या उकडीत भरून वाफवलं. मालक म्हणाले, "ही काय होळी हाय?" शालननं चार खाल्ले.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर एवढं ऐका. पिठाचा डबा नंतर तपासा, आधी माणसं तपासा. पिठाला मन नसतं, ते गुपचूप काही देत नाही.

फ्रॉकचा खिसा

शालन शाळेत जाऊ लागली आणि वर्षभर चांगली राहिली. मग हळूहळू तेच सुरू झालं. पोट फुगलं, केस गळू लागले, पोरगी सतत चिडलेली. जातं स्वच्छ, हिंग नाही, डबे माझ्या नजरेखाली. मी वेड लागायच्या बेताला आले. आणि एक गोष्ट मनाला जास्त लागली. शालन माझ्याशी बोलेनाशी झाली. मी जेवायला वाढलं की ताटाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि ओठ मिटून घ्यायची.

एकदा धुवायला फ्रॉक घेतला, खिसा जड लागला. आत गूळ-तूप लावून गुंडाळलेली चपाती होती, अर्धी खाल्लेली.

"कुणी दिली?"

मी दंड धरून हलवलं. "कुणी दिली?"

"मावशीनं. अन् शेजारच्या कुलकर्णी काकूंनी. अन् शाळेतल्या बाईंनी." मग रडत म्हणाली, "तू लपवतीस चपाती. तू दादूला देतीस अन् मला देत न्हाईस. तू माझी आई न्हाईस. मावशी म्हनली, माझी आई असती तर रोज दिली असती."

माझ्या घरात दोन-तीन वर्षं गव्हाचा दाणा नव्हता. पण तिला कोण सांगणार? सगळं गाव तिला उलटं सांगत होतं, आणि सांगताना हातावर गोड काही ठेवत होतं. शाळेच्या वाटेवर, देवळाच्या पायरीवर, मागच्या दारी. आईविना पोर म्हणून. मी गोदाक्काच्या दारात गेले.

"माझ्या बहिणीच्या लेकराला दोन घास दिलं," ती म्हणाली. "त्यात येवढं काय? दोन घासानं कोन मरतंय?"

"ही मरंल."

"तुला तेच पायजे आसंल."

हे ती शालनसमोर बोलली.

धुणं

पंधरा दिवसांत शालनला पुन्हा पुण्याला न्यावं लागलं. या खेपेला ती इतकी खंगली होती की खाटेत चादरीखाली कुणी आहे की नाही ते कळत नव्हतं. डॉक्टर मला रागावले. "घरात सांभाळता येत नाही का?" मी ऐकून घेतलं. माझ्या शब्दावर तोवर कुणीच विश्वास ठेवला नव्हता, एका डॉक्टरांनी आणखी ठेवला नाही म्हणून काय झालं?

गोदाक्का भेटायला आली. पदराखाली डबा होता. मी डबा उघडला, शंकरपाळे होते. मी ते तिच्यासमोर कचऱ्याच्या बादलीत ओतले. मग शालनच्या अंगाखालचं घाण झालेलं फडकं ओढून काढलं आणि गोदाक्काच्या हातात दिलं.

"धुऊन आणा."

ती फडकं हातभर लांब धरून उभी राहिली.

"तुमच्या चपातीचं हाय ते. तुमी दिलीत, तुमीच धुवा."

वॉर्डातल्या बायका बघत होत्या. गोदाक्का ते फडकं घेऊन मोरीत गेली. आत तिचे ओकारीचे आवाज ऐकू येत होते. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी दुसरं फडकं दिलं. त्या दिवसभर तिनं धुतलं. मला तिची कीव आली नाही. मला बरं वाटलं.

संध्याकाळी शालनला थोडी हुशारी आली. गोदाक्का पायथ्याशी बसलेली. मी पोरीची हनुवटी धरून तिला माझ्याकडे बघायला लावलं.

"नीट ऐक. तुला जो गहू देतो तो तुला मारायला देतो, आसं समजायचं. मावशी देऊ दे, बाप देऊ दे. मायेनं दिलं, रडून दिलं, देवाचा प्रसाद म्हणून दिलं, तरी बी. मी दिलं तरी बी. कुणावर विश्वास ठेवायचा न्हाई. इचारायचं. हे काय हाय, कशाचं हाय, कुठं दळलं. समजलं?"

"तुझ्यावर बी न्हाई?"

"माझ्यावर बी न्हाई."

गोदाक्का पदर तोंडाला लावून बाहेर गेली. सात वर्षांच्या पोरीला असं बोलू नये, हे मला कळतं. मी बोलले, आणि आजही त्यातला एक शब्द परत घेणार नाही.

लाडू

शालन वाचली. आणि तिनं माझं बोलणं शब्दाशब्दानं पाळलं. देवळात प्रसाद पुढं आला की हात मागं. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की खडीसाखर चालेल का ते विचारून घ्यायची. तिच्या मैत्रिणी कमी झाल्या. लोक म्हणू लागले, पोरगी घमेंडखोर आहे, आईवर गेली. या वेळी आई म्हणजे मी.

ती दहा वर्षांची असताना गोदाक्काच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात आम्ही गेलो. गोदाक्का त्या तीन वर्षांत पार उतरली होती, माझ्याशी हळू बोलायची. पंगत बसायच्या आधी ती हातात एक वेगळी ताटली घेऊन आली. ताटलीत एकच बुंदीचा लाडू.

"शालन, हा तुझा. नुसतं हरभऱ्याचं पीठ. तुझ्यासाठी येगळी कढई, येगळं तूप. म्या सोता केलाय. ह्यात गहू न्हाई, बाळा."

शालननं लाडू हातात घेतला. वास घेतला. मग विचारलं, "मावशी, हरभरं कुठं दळलं?"

"गिरणीत. म्या सोता हुबी ऱ्हायले."

"तुझ्या आदी कुणाचं दळण होतं?"

गोदाक्कानं डोळे मिटले, आठवून पाहिलं, आणि मग तिला आठवलं हे सगळ्यांना दिसलं.

शालननं लाडू जपून ताटलीत परत ठेवला आणि हात धुवायला गेली. रडली नाही, रागावली नाही. गोदाक्का माझ्याकडे वळली.

"येवढ्याशा लेकराला आसं कुणी केलं गं?"

"म्या," मी म्हटलं.

आम्ही पंगतीला न बसता घरी आलो. मी चूल पेटवली, नाचणीचं पीठ मळलं, भाकरी थापली, वर लोणी घातलं. शालन पाटावर बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"आई, जात्यावर दुसरं काय दळलं न्हाईस ना?"

"न्हाई."

"दादूसाठी बी न्हाई?"

"न्हाई गं."

"शपत?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिनं डोकं मागं घेतलं आणि माझ्या गळ्याकडे बोट केलं. मी टाक मुठीत धरला, तिच्या आईची शपथ घेतली, आणि मग तिनं घास तोंडात घातला.